मिनी ट्रॅक्टरची चावी हरवली, सेल लागत नाही? स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी हे वाचा

एरवी आपण इथे मोबाइल, अॅप, बॅटरी बॅकअप अशा गोष्टींवर बोलतो. आज जरा वेगळा विषय आहे, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी लागू पडेल असा.

मागच्या दिवाळीत गावी होतो. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. ऑक्टोबर छाटणीला पंधरा-वीस दिवस झाले होते, घड दिसायला लागले होते आणि नेमका रात्री पाऊस झाला. ज्यांची बाग आहे त्यांना पुढचं सांगायला नको. डाऊनी यायच्या आत ब्लोअर बागेतून फिरला पाहिजे, तेही ऊन चढायच्या आत. पहाटे पाचला काकांनी औषध कालवलं, ट्रॅक्टरपाशी आले, तर स्विचला चावीच नाही. आणि मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा चालू.

चावी नसताना स्विच 'ऑन' कसा? तर झालं असं, की आमच्या स्विचमधून चावी ऑन असतानाही सरळ बाहेर निघायची. सहा महिन्यांपासून सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच काही केलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी बागेत कुठेतरी धक्क्याने ती पडली. चुलतभावाने घरी येऊन नेहमीप्रमाणे नॉब ओढून इंजिन बंद केलं आणि पावसामुळे पळत घरात गेला. रात्रभर स्विच ऑनच राहिला.

आता भाऊ म्हणाला, "थांब, डायरेक्ट करतो," आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टार्टरपाशी वाकला. काका ओरडले, "आधी न्यूट्रल बघ!" मी सीटवर चढून लिव्हर हलवून पाहिली. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये होता. आणि भाऊ उभा होता मागच्या टायरच्या बरोबर पुढे.

त्या दिवसानंतर मी या स्विचचा जरा नीट अभ्यास केला. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पण डिग्री इंजिनिअरिंगची आहे आणि मल्टिमीटर धरता येतो. जे समजलं ते इथे लिहितोय.

चावी नक्की काय करते?

पहिला गैरसमज नावातच आहे. 'इग्निशन' म्हणजे पेटवणं. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगला ठिणगी लागते, म्हणून तो इग्निशन स्विच. पण मिनी ट्रॅक्टर, म्हणजे महिंद्रा जिवो म्हणा, कुबोटा निओस्टार म्हणा, व्हीएसटी शक्ती म्हणा, हे डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ठिणगीचा संबंधच नाही.

मग चावी काय करते? फक्त करंट वाटते. स्विचच्या मागे चार-पाच टर्मिनल असतात. एकावर बॅटरीचा प्लस कायम येऊन बसलेला असतो. चावी ऑनवर गेली की तो मीटर आणि चार्जिंगच्या वायरीला जोडला जातो. हीटरची पोझिशन असेल तर ग्लो प्लगला, म्हणजे थंडीत इंजिन गरम करणाऱ्या हीटरला. आणि स्टार्टवर दाबून धरली की स्टार्टरच्या सोलेनॉइडला. हात सोडला की स्प्रिंगने चावी परत ऑनवर येते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्टार्टर मोटर शंभर-दोनशे अँपिअर ओढते, पण तो करंट चावीतून जात नाही. तो बॅटरीच्या जाड केबलमधून थेट जातो. चावी फक्त सोलेनॉइडला सांगते, की बाबा, ती मोठी वाट उघड. तुम्ही फोनवर पेमेंटचं बटण दाबता तेव्हा पैसे काही तुमच्या बोटातून जात नाहीत, तसंच.

इंजिन बंद होण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये नॉब ओढून डिझेल बंद करायचं असतं. तिथे चावी ऑफ केली तरी इंजिन चालूच राहतं. काहींमध्ये फ्यूल सोलेनॉइड असतो, म्हणजे चावी ऑन असेपर्यंतच डिझेल सुरू. तुमचा कोणता आहे हे माहीत असू द्या, कारण स्विच खराब झाल्यावरची लक्षणं यावरून बदलतात. सोलेनॉइडवाल्यात स्विचचा कॉन्टॅक्ट सैल झाला तर बांधावरून जाताना धक्का बसतो आणि इंजिन मध्येच गप्प होतं. लोक डिझेल फिल्टर बदलतात, पंपवाल्याकडे जातात, आणि दुखणं निघतं चावीत.

शेजाऱ्याची चावी लागते, म्हणजे बरं की वाईट?

त्या पहाटे ट्रॅक्टर चालू झाला तो शेजारच्या नानांच्या चावीने. नानांचा ट्रॅक्टर त्याच कंपनीचा. रात्रभरात आमची बॅटरी उतरली होती, म्हणून त्यांच्याच ट्रॅक्टरवरून जंपर केबल लावली, मी सीटवर बसलो, गिअर काढला, क्लच दाबला आणि त्यांची चावी फिरवली. लागला!

काका म्हणाले, "बरं झालं की!" मला मात्र घाम फुटला. नवीन वायफाय राउटर आणल्यावर त्याचा पासवर्ड 'अॅडमिन' असतो ना, आणि बहुतेक जण तो कधीच बदलत नाहीत, तसलाच हा प्रकार.

यात कुणाची चूक आहे असं नाही. ट्रॅक्टर, जेसीबी अशा मशीनना जगभर पूर्वीपासून सामाईक चाव्या येतात. एका शेतावर चार मशीन, तीन ड्रायव्हर. प्रत्येकाची चावी वेगळी ठेवली तर कामं अडतात. कारच्या चावीत असते तशी चिपही बहुतेक मिनी ट्रॅक्टरच्या चावीत नसते. याचा फायदा असा, की चावीवाला साधी चावी कापून देऊ शकतो. आणि तोटा तुम्हाला कळलाच आहे.

त्यामुळे चावी हरवली तर घाबरून लॉक फोडायची गरज नाही. आधी दुसरी मूळ चावी शोधा. ट्रॅक्टर घेताना दोन मिळतात. एक कपाटात, आरसीच्या प्लास्टिकच्या पिशवीत असते, आणि ती तिथे आहे हे घरात एकाच माणसाला माहीत असतं. ती नसेल तर चावीवर किंवा स्विचच्या तोंडावर नंबर कोरलेला असतो तो पाहा. त्या नंबरवरून शोरूमला किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात चावी मिळू शकते. सोबत आरसी किंवा बिल न्या.

नंबर नसेल तर चावीवाला. पण एक सांगतो, घासलेल्या चावीवरून डुप्लिकेट करू नका. कॉपी मशीन जे आहे तेच कापतं, म्हणजे दहा वर्षांची झीज नव्या चावीत जशीच्या तशी उतरते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. कपाटातली न वापरलेली चावी द्या, आणि नवी आली की मूळ परत कपाटात.

चावीचा नंबर फोनमध्ये टिपून ठेवा. पण चावीचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका! मी मुद्दाम सांगतोय, कारण "कुणाला सापडली का, अशी चावी होती" असे फोटो मी स्वतः गावच्या ग्रुपवर पाहिलेत. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी १९५ फुटांवरून काढलेल्या फोटोवरून चावीचे दाते ओळखून तशीच चावी बनवता येते हे दाखवलं होतं. तो सगळा खटाटोप २००८ च्या कॅमेऱ्यावर. आता तुमच्या खिशात काय आहे ते बघा.

ट्रॅक्टर चोरीला गेला आणि विमा असला, तर विमावाले दोन्ही मूळ चाव्या मागतात. एक हरवली असेल तर तेव्हाच हरवल्याची नोंद केलेली बरी. पुणे आणि मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर 'लॉस्ट अँड फाउंड'ची सोय आहे, इतरत्र आपलं पोलीस ठाणं.

कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, की ब्लूटूथ ट्रॅकर लावला तर? लावा, पण अपेक्षा माफक ठेवा. हे ट्रॅकर स्वतः सॅटेलाइटशी बोलत नाहीत. जवळून जाणारे दुसऱ्यांचे फोन त्यांचा सिग्नल पकडून जागा कळवतात. बाजारात हे झकास चालतं, पण तीन एकर बागेत तुमच्याशिवाय फोन कुणाचा? तिथे उपयोग एवढाच, की दहा-पंधरा पावलांवर आलात तर तो आवाज करेल. आम्ही शेवटी काय केलं ते सांगू? चावीला लाल नायलॉनची दोरी बांधली. मातीत उठून दिसते, चार्जिंगही लागत नाही.

चावी घासली, लॉक घासलं, की कॉन्टॅक्ट जळाले?

'स्विच गेला' असं आपण म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि तिघांचा खर्च वेगळा.

चावी जिथे जाते त्या लॉकमध्ये पितळी किंवा पत्र्याच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग. बरोबर चावी घातली की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि लॉक फिरतं. चावी अर्धवट फिरवलेली असताना ती निघू नये, हे कामही याच पट्ट्यांचं. धूळ, गंधकाची पावडर, ब्लोअरचं उडालेलं औषध आणि वर्षानुवर्षांचा वापर यांनी पट्ट्या घासतात. मग ऑनवर असताना चावी बाहेर येते. आमचं हेच झालं होतं. आमची चावी हरवली ती भावाच्या निष्काळजीपणाने नाही, घासलेल्या लॉकने.

त्यात आपण काय करतो? ट्रॅक्टरच्या चावीला घराची, मोटारीच्या पेटीची, गोडाऊनची चावी, वर एक पितळी गणपती. पाव किलोचा जुडगा दिवसभर त्या लॉकला लटकून हेलकावे खातो. ट्रॅक्टरची चावी एकटी ठेवा. लॉक जड झालं तर ऑइल किंवा ग्रीस घालू नका, त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. ग्रॅफाइट पावडर घाला. नसेल तर पेन्सिलचं शिसं चावीवर घासून चार वेळा आत-बाहेर करा. आणि ट्रॅक्टर धुताना प्रेशरचं पाणी थेट स्विचवर मारू नका.

नवी चावी अलगद फिरते पण जुनी अडते, तर दोष चावीत. दोन्ही चाव्या अडतात किंवा दोन्ही सहज निघतात, तर लॉक घासलंय. चावी छान फिरते, पण सेल कधी लागतो कधी नाही, नुसतं 'टक्' होतं, चावी जरा हलवून धरली की लागतो, तर मागचे कॉन्टॅक्ट संशयित. संशयित म्हणतोय, दोषी नाही.

कॉन्टॅक्ट का जळतात? सोलेनॉइडची कॉइल खेचताना साधारण १० ते ३० अँपिअर घेते. प्रत्येक वेळी चावी सोडताना कॉन्टॅक्टमध्ये छोटी ठिणगी उडते, कार्बन धरतो, रेझिस्टन्स वाढतो. समजा तो फक्त ०.१ ओहम झाला. बारावीचं फिजिक्स आठवा: २० अँपिअर गुणिले ०.१ ओहम, म्हणजे २ व्होल्ट तिथेच गेले आणि ४० वॉट उष्णता त्या इवल्याशा स्विचमध्ये. सोल्डरिंग आयर्नएवढी! म्हणून स्विचच्या मागचं प्लास्टिक वितळलेलं दिसतं. आणि याच्या उलटही होतं. स्प्रिंग कमजोर झाली तर चावी स्टार्टवरून परत येत नाही, इंजिन चालू होऊनही सेल चिकटून राहतो आणि स्टार्टर जळतो. शंभर-दोनशे अँपिअरची मोटर एका स्प्रिंगपायी.

मल्टिमीटरने शोधायचं कसं

आमच्याकडे दिवाळीनंतर हेच सुरू झालं. तिसऱ्यांदा 'टक्' झाल्यावर वायरमन म्हणाला बॅटरी बदला. बॅटरी दीड वर्षाची. मी म्हटलं, एक तास द्या.

सगळ्यात आधी फुकटच्या गोष्टी. क्लच पूर्ण दाबलाय का, गिअर न्यूट्रलला आहे का, पीटीओ बंद आहे का? बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये इथे सेफ्टी स्विच असतात. एक जरी उघडा असला तरी सेल लागत नाही आणि चावीचा काहीच दोष नसतो. मग बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची केबल, जिथे ती चॅसीला बोल्ट केलीय तिथे गंज आहे का ते पाहा. फ्यूज पाहा.

मग मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक माणूस सीटवर, क्लच दाबून, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रल. मीटरच्या वायरींना क्रोकोडाइल क्लिप लावून त्या आधीच जोडा आणि टायरपासून लांब उभे राहा. बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास हवी. चावी स्टार्टवर धरल्यावर बॅटरीवर आणि सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर किती व्होल्ट येतात ते बघा. दोन्हींत अर्धा-एक व्होल्टचा फरक चालतो.

आमच्याकडे बॅटरीवर १२.३ आणि सोलेनॉइडवर ८.९. जवळपास साडेतीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं. प्रोग्रॅममधला बग शोधताना आम्ही कोड अर्धा-अर्धा करून तपासतो, तसंच इथे केलं. स्विचच्या बॅटरीवाल्या टर्मिनलवर एक वायर, स्टार्टवाल्या टर्मिनलवर दुसरी, आणि चावी स्टार्टला. मीटरने २.९ दाखवले. चांगला कॉन्टॅक्ट असता तर जवळपास शून्य यायला हवं होतं. म्हणजे बॅटरी ठणठणीत, स्विच आजारी. बॅटरीचे पाच-सहा हजार वाचले, स्विच पाचशेच्या आत आला.

बदलताना

बॅटरीचा मायनस आधी काढा. मागच्या वायरींचे दोन-तीन फोटो काढा, फोनचा खरा उपयोग इथे आहे. जोडणी वायरच्या रंगावरून नाही, टर्मिनलवर कोरलेल्या अक्षर-आकड्यांवरून करा. आधीच्या कुणीतरी हिरव्याच्या जागी निळी वायर घातलेली असतेच. जुना स्विच दुकानात सोबत न्या. दिसायला सारखे असतात, पण एकात हीटर डावीकडे, दुसऱ्यात हीटरच नाही. दुकानातच मीटरच्या 'बीप'वर लावून पाहा, की कुठल्या पोझिशनला कुठली दोन टर्मिनल जुळतात आणि स्टार्टवरून चावी आपोआप परत येते का.

आणि दुकानदाराला सांगा, वेगळ्या नंबरच्या चावीचा द्या. हे बहुतेक जण विसरतात. नवा स्विचही सगळ्या तालुक्याच्याच चावीने उघडणारा असेल तर पासवर्ड बदललाच नाही.

आम्ही सोबत एक स्टार्टर रिले लावला. चार टर्मिनल असतात: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून सोलेनॉइडला. आता सोलेनॉइडसाठी चावीतून एक अँपिअरही जात नाही, तो सगळा भार रिलेवर. फक्त चावीची जुनी स्टार्ट वायर सेफ्टी स्विचमधून गेल्यावरच रिलेच्या कॉइलला जोडायची, म्हणजे क्लच-न्यूट्रलचं संरक्षण तसंच राहतं. हे स्वतः जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, पण ही एक अट त्याला तोंडी सांगा.

चोरीची भीती असेल तर बॅटरीला कट-ऑफ स्विच बसतो. मात्र मेकॅनिकल पंपाचा ट्रॅक्टर ढकलून किंवा ओढूनही चालू होतो, त्यामुळे त्यावर पूर्ण विसंबू नका.

आता त्या स्क्रूड्रायव्हरबद्दल

'डायरेक्ट करणं' म्हणजे सोलेनॉइडचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडणं. यात चावी तर टळतेच, पण क्लच आणि न्यूट्रलचे सेफ्टी स्विचही टळतात. नॉबने बंद होणाऱ्या डिझेल इंजिनाला चालू व्हायला बाकी काहीच लागत नाही. दोन फेरे फिरलं की पेटतं, आणि गिअरमध्ये असेल तर त्याच क्षणी निघतं. मिनी ट्रॅक्टरचा स्टार्टर इंजिनाच्या बाजूला, खाली. तिथे वाकलेला माणूस मागच्या चाकाच्या वाटेतच असतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. परदेशी ट्रॅक्टरच्या स्टार्टरवर तर 'गिअरमध्ये चालू केल्यास मृत्यू' अशा अर्थाचं स्टिकरच लावतात.

आपल्याकडे ही गोष्ट हुशारी म्हणून चालते. गॅरेजमध्ये तर रोज चालते. मी भावाला नावं ठेवत नाही. काका ओरडले नसते तर मीही बाजूला टॉर्च धरून उभा राहिलो असतो.

आमची जुनी चावी एप्रिलमध्ये, खरड छाटणीनंतर रोटर मारताना सापडली. जरा वाकलीय, पण नंबर वाचता येतो. आमच्या ट्रॅक्टरला ती आता लागत नाही. नानांच्या ट्रॅक्टरला लागते, करून पाहिलं. काकांनी ती नानांना देऊन टाकली आणि दुकानाचा पत्ताही सांगितला. नाना म्हणाले, बघू दिवाळीनंतर.